जॅकेटमधून वायर बाहेर आलेली असते ते नेमकं काय असतं? बाइकवर घालायच्या गरम कपड्यांबद्दल सगळं

डिसेंबर लागला की पेपरात निफाडचा पारा येतो, मग महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठल्याचा फोटो येतो, हे ठरलेलं. हल्ली त्यात भर पडलीय ती ऐन थंडीत स्पितीला नाहीतर लेहला बाइक घेऊन गेलेल्या मंडळींच्या रील्सची. बर्फ, डोंगर, ड्रोन शॉट वगैरे असतंच, पण नीट बघितलं तर कुणाच्या तरी जॅकेटखालून एक काळी वायर लोंबत असते आणि ती सीटखाली गेलेली असते. ती असते विजेवर तापणाऱ्या कपड्यांची, गाडीच्या बॅटरीला जोडलेली. खाली कमेंटमध्ये मग भाऊ शॉक बसत नाही का, बॅटरी उतरत नाही का, पावसात काय करता, आणि एक काका हमखास असतात ज्यांनी ऐंशी सालात एका स्वेटरवर रोहतांग केलेला असतो.

काकांना नमस्कार, पण बाकीचे प्रश्न रास्त आहेत. उत्तरं अवघड नाहीत, फक्त विकणारे ती नीट देत नाहीत कारण त्यांना ग्लोव्हज खपवायचे असतात.

आधी हे सांगा, जाड जॅकेट का पुरत नाही?

कारण जाड जॅकेट स्वतः गरम नसतं. ते फक्त तुमच्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे ऊब तयार करायचं काम तुमचंच. माणूस नुसता बसलेला असतो तेव्हा त्याचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं, चढावर चालायला लागला की त्याच्या कितीतरी पट. म्हणून कळसूबाई चढताना ज्या जॅकेटमध्ये घामाने निथळायला होतं त्याच जॅकेटमध्ये बाइकवर दात वाजतात, कारण बाइकवर आपण तासन् तास बसलेलेच असतो, हलतं ते फक्त मनगट आणि पायाचा पंजा.

त्यात वारा. अंगाला चिकटून गरम हवेचा एक पातळ थर असतो तो वारा पळवून नेतो, आणि बाइकवाला स्वतःचा वारा स्वतःच तयार करत चाललेला असतो. हवामान खाती याच्यासाठी ‘विंड चिल’ नावाचा आकडा काढतात, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या कातडीला थंडी किती अंशांची वाटेल तो आकडा. अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये ठरवलेल्या सूत्रात आकडे घातले तर १० अंशांत ताशी ८० ने गेल्यावर चार-साडेचार अंशांसारखं वाटतं, ५ अंशांत उणे ३ च्या जवळ आणि शून्य अंशात जवळजवळ उणे १०. म्हणजे निफाडला पारा ५ वर असताना पहाटे हायवेला ८० ने निघालेल्या माणसाच्या उघड्या गालाला शून्याखालची थंडी लागते, भले पेपरात ५ छापलेलं असो.

घाटात याच्यावर उंचीचा हिशेब येतो. ढोबळमानाने हजार मीटर वर गेलं की साडेसहा अंश कमी. लेह साडेतीन हजार मीटरवर आणि त्याच्या वरची ‘खारदुंग ला’ ही खिंड ५,३५९ मीटरवर, म्हणजे लेहमधून १२ अंशांत मस्त ऊन खात निघालात तरी वर शून्याच्या आसपास, आणि हे जूनमध्येसुद्धा.

बोटंच का गारठतात आणि ग्लोव्हज घालूनही का गारठतात

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच सोडतात.

शरीराला काहीही करून मेंदू, हृदय, फुप्फुसं ३७ अंशांच्या आसपास ठेवायची असतात. छातीपोटाचा भाग गार पडायला लागला की शरीर काटकसर सुरू करतं, हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त आतल्या आत फिरत राहतं. आता गंमत अशी की बोटांत स्वतःचे स्नायू जवळपास नसतातच, बोटं हलवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून नुसते दोर आलेले असतात. त्यामुळे बोटं स्वतः ऊब तयार करत नाहीत, जी काय येते ती रक्तातून येते, आणि रक्तच कमी झालं तर दोन हजाराचा ग्लोव्ह घाला नाहीतर दहा हजाराचा, आत राखायला ऊबच नाही.

कॅनडात लष्करासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर प्रयोग केले होते. शून्याच्या बऱ्याच खालच्या थंडीत लोकांना बसवलं, हात उघडे ठेवले आणि धडाला विजेवर गरम होणारं जाकीट घातलं. धड पुरेसं गरम राहिलं की उघड्या हातांची बोटंही ऊबदार राहत होती. बाइकवर हात थेट वाऱ्यात असतात, तेव्हा तिथे उघडे हात चालणार नाहीत हे सांगायला नकोच, पण मुद्दा कळला असेल. हात गार पडतायत म्हणून हातावरच पैसे घालायचे हा उलटा विचार आहे, आधी धड.

आणि हा चैनीचा विषय नाहीये. बधिर बोटांना ब्रेकचा लिव्हर किती दाबला ते कळत नाही, क्लच सोडताना गाडी बंद पडते. अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात, त्यात माणसाचं डोकंही मंद चालायला लागतं आणि वाईट म्हणजे ते त्याला स्वतःला कळत नाही.

मग या कपड्यांच्या आत काय असतं

फार काही नाही खरं तर. बारीक धातूच्या तंतूंची किंवा कार्बन फायबरची लवचिक वायर पाठीत, छातीत, बाह्यांत आणि कॉलरमध्ये नागमोडी शिवलेली असते, तिच्यातून करंट गेला की ती तापते. गीझरच्या कॉइलचंच तत्त्व, फक्त १२ व्होल्टवर आणि अगदी मंद.

वॉट हा शब्द पुढे सारखा येणार आहे म्हणून एकदाच सांगतो: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, म्हणजे दर क्षणाला किती वीज खर्च होतेय ते. पूर्ण बाह्यांचं आतून घालायचं जॅकेट, ज्याला लायनर म्हणतात, ते साधारण ७० ते १०० वॉट खातं. ग्लोव्हजची जोडी पंचवीसेक, पँट चाळीसेक, हँडलच्या गरम ग्रिप्स तीस-चाळीस. वर शरीराचे स्वतःचे १०० वॉट सांगितले होते ना, म्हणजे लायनर चालू केलं की तुमची ऊब जवळपास दुप्पट. म्हणूनच ज्याने एकदा वापरलं तो परत चार स्वेटर घालून निघत नाही.

सोबत एक कंट्रोलर येतो, छोटी डबी आणि तिला गोल बटण. ५० टक्क्यांवर ठेवलं की तो सारखं चालू-बंद, चालू-बंद करून निम्मीच वीज आत सोडतो. कंट्रोलरशिवाय घेऊ नका, फुल्ल चालू नाहीतर फुल्ल बंद असलं की दहा मिनिटांत उकडतं आणि बंद केलं की परत हुडहुडी.

लायनर अंगाला घट्ट बसलं पाहिजे हे दुकानात कुणी सांगत नाही. पातळ थर्मल किंवा फुल्ल बाह्यांचा टीशर्ट, त्यावर लायनर, त्यावर वारा अडवणारं रायडिंग जॅकेट. लायनर ढगळ घेतलं तर मधली हवाच तापवत बसाल, आणि वरचं जॅकेट जाळीचं असेल तर सगळी ऊब हायवेला दान.

ही कल्पना आली कुठून

विमानातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानं इतक्या उंचीवरून जायची की बाहेर उणे ४० आणि त्याखाली, आणि बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवून बंदूकवाले उभे. फ्रॉस्टबाइट, म्हणजे कातडी-मांस गोठून मरणं, ही तेव्हा मोठी डोकेदुखी होती. म्हणून विमानाच्या २४ व्होल्टवर चालणारे सूट आले. सुरुवातीच्या सूटमध्ये सगळं वायरिंग एकामागे एक जोडलेलं होतं, एक जागा तुटली की सगळा सूट थंड, मग ते बदलावं लागलं. बाइकवर ही गोष्ट रुजली १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग नावाचा माणूस मशीन शॉप चालवायचा आणि त्याचे कामगार गारठत बाइकवर कामाला यायचे, त्यांच्यासाठी त्याने गरम कपडे केले आणि पुढे त्याचाच धंदा झाला. युरोपात तर हिवाळ्यात मुद्दाम बाइकवर जमतात, जर्मनीतलं एलेफांटनट्रेफन १९५६ पासून भरतंय, बर्फात तंबू ठोकून. त्यांना शिकवायला आपले काका पाठवले पाहिजेत.

छोट्या बॅटरीचे घ्यायचे की गाडीला जोडायचे?

बाजारात दोन प्रकार आहेत. एकात कपड्याच्या खिशात छोटी लिथियम बॅटरी असते नाहीतर पॉवर बँक लावायची असते, दुसरा थेट गाडीच्या १२ व्होल्टवर.

छोट्या बॅटरीवाल्याचं गणित सोपं आहे. ७.४ व्होल्ट आणि २,२०० एमएएच म्हणजे साधारण १६ वॉट-तास. ग्लोव्ह ८ वॉट खात असेल तर दोन तास, संपलं. तेही नवी असताना आणि बरी हवा असताना, कारण लिथियम बॅटरी थंडीत कमी वीज देते, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी ती आधी मान टाकणार. शून्याखाली ती चार्ज करणंही तिच्यासाठी वाईट, रात्रभर बाहेर राहिलेली बॅटरी खोलीत आणून आधी नॉर्मलला येऊ द्या, मग चार्जर लावा. शिवाय ग्लोव्हची बॅटरी मनगटापाशी कफमध्ये बसते, तिथे जॅकेटची बाही आधीच जाड, त्यात हा चौकोनी ठोकळा, चेन लागता लागत नाही आणि क्लच दाबताना सारखं काहीतरी टोचत राहतं.

यूएसबीवरच्या स्वस्त जाकिटांचं पण सांगतो. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. लायनरच्या ७०-१०० समोर १०. सकाळी सहाला दूध आणायला, मॉर्निंग वॉकला, टपरीवर उभं राहायला झकास, पण हायवेला ८० च्या वाऱ्यात १० वॉट म्हणजे मनाचं समाधान.

लांबच्या प्रवासाला गाडीला जोडायचेच. पेट्रोल आहे तोवर ऊब आहे.

पण माझ्या गाडीला झेपेल का?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर पैसे द्यायच्या आधी काढायचं असतं.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. आल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक मॅग्नेट कॉइल म्हणतात, तो पंप. बॅटरी ही टाकी. हेडलाइट, इंजेक्शन (म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा), हॉर्न, मोबाइल चार्जर हे नळ. पंप चढवतो त्यापेक्षा जास्त पाणी नळांनी जायला लागलं तरी लगेच काही कळत नाही कारण टाकी भरलेली असते, कळतं ते टाकी उतरल्यावर. लोक म्हणतात गाडी तर मस्त चालली होती, मग ढाब्यावर चहा पिऊन आलो तर स्टार्टरने नुसतं टकटक केलं. चालली होती कारण टाकीतलं संपत होतं. आणि नव्या बहुतेक मोठ्या गाड्यांना किक नाही, इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोल पंपासाठीसुद्धा वीज लागते, त्यामुळे बॅटरी पार झोपली तर धक्का मारूनही बोंब.

हिशेब असा करायचा. समजा गाडीचा आल्टरनेटर २२० वॉटचा आहे. हेडलाइट हॅलोजन असेल तर ५५-६०, आणि तो बंद ठेवून वीज वाचवू म्हणाल तर २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट कायम चालूच, स्विचच नाही. इग्निशन, इंजेक्शन, पेट्रोल पंप, कॉम्प्युटर मिळून साठ-ऐंशी धरा, टेललाइट, मीटर, मोबाइल चार्जर मिळून पंचवीसेक. उरले साठ-सत्तर. त्यात ७७ वॉटचं लायनर फुल्लवर लावलं तर तुम्ही टाकीतून उसनं घेताय, ६०-७० टक्क्यांवर ठेवलं तर जेमतेम जमतं. आणि आधीच क्रॅश गार्डवर दोन फॉग लाइट ठोकलेले असतील तर विषय संपला, एकतर उजेड नाहीतर ऊब. मागे बसणाऱ्यालाही लायनर पाहिजे असेल तर हिशेब दुप्पट, आणि मग गाडीत कोण गारठणार यावरून भांडण. बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएससारख्या गाड्यांत ५०० वॉटच्या वर आल्टरनेटर असतो, तिथे नवराबायको दोघं पायमोज्यांपर्यंत गरम करून जाऊ शकतात. १००-१२५ सीसीच्या गाडीवर असलं काही लावायच्या भानगडीत पडू नका.

शिवाय तो २२० चा आकडा इंजिन चांगलं फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला पंप बराच मंद चालतो, म्हणून बर्फामुळे ट्रॅफिक तुंबलं असेल तर कंट्रोलर खाली आणा.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे हँडलवर लावायचा छोटा व्होल्टमीटर. चालत्या गाडीत १३.८ ते १४.४ दिसत असेल तर मजा करा. १३ च्या खाली घसरायला लागला की टाकी उतरतेय.

शॉक? पाऊस? आग?

शॉक बसत नाही. १२ व्होल्टला कातडीतून जाणवेल इतका करंट ढकलायची ताकदच नसते, भिजलेलं असलं तरी. पावसात चालतं, फक्त वर रेनसूट असू द्या कारण ओलं कापड तापवण्यात सगळी ऊब जाते.

भीती असलीच तर शॉर्ट सर्किटची. वायर सीटखाली फ्रेमला घासून सोलली गेली की करंट सरळ बॉडीला, आणि मग वायर तापून पेट घेऊ शकते. त्यासाठी फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ, कंपनीने सांगितलेला, बहुतेक १० ते १५ अँपिअरचा असतो. फ्यूज उडाला म्हणून त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग आहेत, त्यांच्या मागे गाडी लावू नका. हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या वायरमधून लाइन मारून देतो म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाही हात जोडा. थेट बॅटरीवरून लाइन, फ्यूज, आणि मध्ये किल्लीवर चालणारा रिले, म्हणजे किल्ली बंद की सगळं बंद. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, वायरिंगला हात लावला म्हणून ते पुढे वॉरंटी नाकारू शकतात.

आणि हो, वायर लावलेली असताना गाडीवरून उतरायचं राहूनच जातं. सगळ्यांचंच होतं. पाय टाकून उतरायचं, चार पावलं टाकायची आणि मागून कुणीतरी धरल्यासारखा झटका. म्हणून त्याचे प्लग ओढले की सुटतील असेच केलेले असतात, पडलात तरी गाडीबरोबर फरपटत जाणार नाही. वायर कुठेही झिप टायने आवळून बांधू नका ती याचसाठी.

भाजतं का?

भाजू शकतं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. ४४ अंशांची वस्तू हाताला नुसती गरम वाटते, पण तीच कातडीला पाच-सहा तास चिकटून राहिली तर भाजतं, त्याहून गरम असेल तर बरंच आधी. म्हणून उघड्या अंगावर लायनर घालायचं नाही, आत कापड पाहिजेच. डायबेटिसमुळे ज्यांच्या पायाची किंवा बोटांची संवेदना कमी झालीय त्यांनी गरम मोजे डॉक्टरला विचारल्याशिवाय घालू नयेत, त्यांना भाजतंय हे कळणारच नाही.

पेट्रोल जास्त जाईल ना?

नाही, मोजता येईल इतकं नाही. बऱ्याच बाइकमध्ये आल्टरनेटर कायम पूर्ण वीज तयार करतो आणि लागत नाही ती रेग्युलेटर उष्णता करून वाया घालवतो, म्हणून ते रेग्युलेटर तापलेलं असतं. तुम्ही त्यातलीच वापरता. आणि ज्या गाडीत तसं नाही तिथेही इंजिन काही हजार वॉट काढत असतं, त्यात तुमचे ७७.

आपल्याकडे लागतं का हे?

खरं सांगू? महाराष्ट्रात राहून महाराष्ट्रात फिरत असाल तर नाही. आपली थंडी पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंतची, मग ऊन येतं आणि सगळं काढून डिकीत टाकावं लागतं. माळशेज, नाशिक, महाबळेश्वरसाठी वारा अडवला की काम झालं. रायडिंग जॅकेटवर साधा रेनसूट चढवा, मानेला बफ, गुडघ्यांवर काहीतरी. जॅकेटच्या आत छातीवर पेपर घालायची जुनी युक्ती अजूनही चालते, फुकट आहे. दिल्लीकडे हिवाळ्यात स्कूटरच्या हँडलला लावायची जाड कव्हरं मिळतात, ज्यात हात घालून चालवतात, दिसायला भयाण पण महागड्या ग्लोव्हजना भारी.

लेह-स्पितीला जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यालाही थर्मल आणि वारारोधक थर पुरतात, खिंडीत तास-दोन तास कळ काढावी लागते इतकंच. ऑक्टोबरनंतर जाणार असाल किंवा इंग्लंड, जर्मनी, कॅनडात राहून रोज बाइकवर कामाला जात असाल तर मात्र विचार करा, आणि क्रम असा ठेवा: आधी वारा अडवणारं जॅकेट आणि हँडगार्ड, मग लायनर, मग ग्रिप्स किंवा ग्लोव्हज. ग्रिप्स स्वस्त आणि कायम गाडीवर असतात पण तळहातच तापवतात, वारा लागतो बोटांच्या पाठीला. गरम ग्लोव्हजमध्ये वायर बोटांच्या पाठीवरून फिरवलेली असते म्हणून ते जास्त लागू पडतात, पण बाह्यांतून वायर ओढायची कटकट आहे. दोन्ही घेऊ नका, लायनर असेल तर एकावर भागतं.

इलेक्ट्रिक स्कूटरवाले विचारतात आमची बॅटरी तर एवढी मोठी, मग? मोठी आहे, पण लाइट-हॉर्नसाठी त्यातून १२ व्होल्ट काढून देणारा कन्व्हर्टर छोटा असतो, त्यावर लायनरचा भार टाकला तर तोच जायचा. तिकडे पॉवर बँकवालं जाकीट बरं.

विमानाने लेहला जाऊन तिथे भाड्याने बाइक घेणार असाल तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, १०० वॉट-तासांपर्यंतच्या हातातल्या बॅगेत न्यायच्या. ग्लोव्हजमधल्याही काढून सोबत घ्या. आणि भाड्याच्या बाइकला वायर जोडायच्या आधी मालकाला विचारा, बहुतेक जण नाही म्हणतात.